वायफाय रुसलं, तर आधी नाव विचार

अरे राजा,

परवा तू फोनवर म्हणालास, "आत्या, डेस्कटॉपवर लिनक्स टाकलं, पण वायफाय दिसतच नाही. सकाळपासून तीन ड्रायव्हर टाकून झाले." मला हसू आलं, ते तुला नाही, माझंच मला. २००८ साली आमच्या ग्रंथालयातल्या आठ यंत्रांवर मी हाच उद्योग केला होता. तेव्हा एनडीआयएसरॅपर नावाची एक युक्ती होती, विंडोजचा ड्रायव्हर लिनक्सच्या गळ्यात बांधायची. बांधला जायचा, मग कधी चालायचा, कधी अख्खं यंत्र गोठवून बसायचा. एका यंत्रात मी इतकं काही कोंबलं की शेवटी सगळं पुसून पहिल्यापासून मांडावं लागलं. आणि निघालं काय? कार्डाला मी भलत्याच नावाने हाक मारत होते.

तोंडी सांगितलेलं तुझ्या एका कानातून शिरतं आणि दुसऱ्यातून निघून जातं, हे मला तुझ्या मुंजीपासून ठाऊक आहे. म्हणून लिहून पाठवते. एका बैठकीत सगळं करायला जाऊ नकोस.

१. काही टाकण्याआधी आणि काही काढण्याआधी कार्डाचं नाव विचार — नाव न विचारता आवतण दिलं, की पंगतीला कोण येऊन बसेल सांगता येत नाही. कार्ड आत बसवलेलं असेल तर टर्मिनलवर 'एलएसपीसीआय', एक जागा सोडून आडवी रेघ आणि 'एनएनके'. यूएसबीचा डोंगल असेल तर नुसतं 'एलएसयूएसबी'.

२. खोक्यावरचं नाव वाचू नकोस, चौकटी कंसातला क्रमांक वाच — तो म्हणजे पुस्तकाचा दाखल क्रमांक. मुखपृष्ठ बदलतं, दाखल क्रमांक बदलत नाही. टीपी-लिंकच्या डब्ल्यूएन७२२एन या डोंगलच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची चिप होती, दुसऱ्या आवृत्तीपासून रियलटेकची. खोक्यावर नाव तेच. "माझ्या मित्राचा तोच डोंगल लगेच चालला" असं कुणी म्हणालं, तर त्याला आवृत्ती विचार.

३. क्रमांकाचा पहिला अर्धा म्हणजे आडनाव, तेवढं पाठ कर — ८०८६ म्हणजे इंटेल, १४ई४ ब्रॉडकॉम, १६८सी अथेरॉस, १४सी३ मीडियाटेक. रियलटेक आत बसलेलं असेल तर १०ईसी, यूएसबीवर असेल तर ०बीडीए. इंटेलवाल्यांनी आपल्या जुन्या प्रसिद्ध चिपचाच आकडा आडनाव म्हणून लावून घेतलाय, त्यामुळे ते तरी तुझ्या लक्षात राहील.

४. त्याच माहितीत खाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' अशी ओळ आहे का बघ — ओळ नसेल तर कार्डाला अजून कुणी वाली नाही; असेल तर ड्रायव्हर जागेवर आहे आणि नवा टाकून काही व्हायचं नाही.

या चौथ्यात एक मेख आहे, ती तुझ्या बाबांच्या डेस्कटॉपवर मला भेटली. कार्ड ब्रॉडकॉम ४३६०, क्रमांक १४ई४:४३ए०. ड्रायव्हरच्या ओळीत रुबाबात लिहिलेलं, 'बीसीएमए-पीसीआय-ब्रिज'. मी म्हटलं, झालं, ड्रायव्हर आहे की! अर्धा तास राउटरशी भांडले. मग खालच्या ओळीकडे लक्ष गेलं. तिथे उपलब्ध मॉड्यूलांची नावं असतात. 'बीसीएमए' त्यात होतंच, पण ते कार्डाला धरून नुसतं बसतं; या चिपचं वायफाय चालवणारा 'डब्ल्यूएल' नावाचा ड्रायव्हर त्या यंत्रात आलेलाच नव्हता. दाराशी वॉचमन उभा आहे म्हणजे मालक घरी आहे असं नव्हे.

५. ब्रॉडकॉमच्या कार्डाला एका वेळी एकच ड्रायव्हर दे — बी४३, ब्रॉडकॉमचा खुला ड्रायव्हर आणि कंपनीचा बंद 'डब्ल्यूएल' हे तिघे एकाच चुलीवर तीन पातेली चढवायला बघतात. उबुंटूत 'बीसीएमडब्ल्यूएल-कर्नल-सोर्स', डेबियनमध्ये 'ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस' हे पॅकेज घेतलंस की ते बाकीच्यांना आपोआप काळ्या यादीत टाकतं.

बी४३ची गोष्ट मला फार आवडते. कंपनी काही सांगेना, म्हणून लोकांनी तिचा बंद ड्रायव्हर कसा वागतो ते बारकाईने उलगडून त्याचं वर्णन लिहिलं, आणि दुसऱ्याच लोकांनी ते वर्णन वाचून नवा ड्रायव्हर लिहिला. पुढे सप्टेंबर २०१० मध्ये ब्रॉडकॉमने स्वतः काही चिपांसाठी खुला ड्रायव्हर दिला. बंद 'डब्ल्यूएल'ची शेवटची आवृत्ती मात्र २०१५ची. त्यानंतर आलेल्या कितीतरी कर्नलांसाठी तिला ठिगळ लावावं लागलंय, म्हणून या कार्डांचे लोक कर्नलचं नवं अपडेट दिसलं की जरा दबकतात.

६. ड्रायव्हर आहे आणि तरी वायफाय मिटलेलं, तर 'आरएफकिल लिस्ट' करून बघ — 'सॉफ्ट ब्लॉक्ड' पुढे 'येस' आलं तर 'आरएफकिल अनब्लॉक वायफाय' एवढ्यात काम होतं. डेस्कटॉपला वायफाय बंद करायचं बटण कुठून येणार म्हणशील; तुझ्या कीबोर्डवर विमानाचं चित्र असलेली कळ आहे ना, तीच.

७. घरातला फोन आणि त्याची वायर हाताशी ठेव — यूएसबी टेदरिंग चालू केलं की लिनक्सला फोन हे तारेचं कार्ड वाटतं, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. फोन घरच्या वायफायवर असेल तर बहुतेक अँड्रॉइड फोन तेच इंटरनेट पुढे देतात, डेटाही जळत नाही.

हे सातवं मी पहिलं का लिहिलं नाही कोण जाणे. वायफायचा ड्रायव्हर आणायला इंटरनेट लागतं आणि इंटरनेटला वायफाय लागतं, या फेऱ्यात मी एक अख्खा रविवार घालवलाय. पेन ड्राइव्हवर एकेक पॅकेज भरून आणायचं, मग कळायचं की त्याला आणखी दोन लागतात, की पुन्हा शेजारी जायचं. शेजारच्या वहिनींनी चौथ्या खेपेला चहा विचारायचं सोडून दिलं. विहीर खणायला घेतलीस की आधी प्यायला घागरभर पाणी भरून ठेवावं.

८. ड्रायव्हर आणि फर्मवेअर यांची गल्लत करू नकोस — ड्रायव्हर कर्नलमध्ये बसतो, फर्मवेअर ही वेगळी फाइल असते आणि ती दर वेळी कार्डाच्या पोटात भरावी लागते. गाडीला ड्रायव्हर मिळाला, पण टाकीत पेट्रोल नाही, अशातली गत.

९. 'डीमेसेज'च्या यादीत फर्मवेअर हा शब्द शोध — काय हवंय ते कार्ड फाइलच्या नावासकट सांगतं, आपणच ऐकत नाही. पण इंटेलचं कार्ड असेल तर एका गोष्टीला घाबरू नकोस: त्याचा ड्रायव्हर आधी सर्वांत नवी आवृत्ती मागतो, नाही मिळाली की एक पायरी खाली उतरतो, आणि प्रत्येक पायरीला 'फेल्ड' असं ओरडतो. खाली 'लोडेड फर्मवेअर व्हर्जन' अशी ओळ आली असेल तर वरचा आरडाओरडा सोडून दे.

१०. डेबियन वापरत असशील तर कितवी आवृत्ती ते आधी सांग — २०२३च्या जूनमध्ये आलेल्या १२व्या आवृत्तीपासून फर्मवेअर बसवण्याच्या प्रतीतच येतं. त्याआधी तत्त्व म्हणून ते बाहेर ठेवलं जायचं. २०२२ साली त्यांच्या विकासकांनी मतदान करून हे बदललं. जुनं असेल तर पॅकेजांच्या यादीत 'नॉन-फ्री' विभाग जोडून 'फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय', 'फर्मवेअर-रियलटेक' यांपैकी आपलं ते घे. उबुंटूत आणि मिंटमध्ये जवळजवळ सगळं 'लिनक्स-फर्मवेअर' या एका पोतडीत असतं.

११. कार्ड नवं आणि कर्नल जुना, असं तर नाही ना ते 'युनेम -आर' करून बघ — जन्माआधीच्या पंचांगात बाळाचं नाव कसं सापडेल? इंटेल एएक्स२१०ला कर्नल ५.१० लागतो, मीडियाटेक ७९२१ला ५.१२. रियलटेकचं आरटीडब्ल्यू८८ घराणं २०१९ साली ५.२मध्ये आलं आणि त्याचं धाकटं भावंड आरटीडब्ल्यू८९ हे २०२२च्या सुरुवातीला, ५.१६मध्ये. अशा वेळी ड्रायव्हर शोधत हिंडण्यापेक्षा कर्नल वर घेतलास की बहुतेक वेळा काम भागतं.

१२. उबुंटूचं 'अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स' किंवा मिंटचं 'ड्रायव्हर मॅनेजर' आधी उघड — घरात सुंठ असताना वैद्याकडे धावू नये. तिथे काही नाही दिसलं, तरच बाहेरचं बघ.

१३. बाहेरून ड्रायव्हर आणायचाच झाला तर डीकेएमएसवाला आण — नुसतं 'मेक इन्स्टॉल' करून बसवलेला ड्रायव्हर त्याच एका कर्नलपुरता असतो. कर्नल बदलला की तो मागेच राहतो. डीकेएमएस प्रत्येक नव्या कर्नलसाठी तो पुन्हा बांधून देतं.

१४. आणि डीकेएमएसला लागणारे कर्नल हेडर्स कायम बसवलेले ठेव — हेडर नसले तर बांधणी होत नाही, आणि हे तुला कळतं ते पुढच्या वेळी यंत्र सुरू केल्यावर.

मला कसं कळलं सांगू? शुक्रवारी संध्याकाळी, घरी निघता निघता, आठही यंत्रांना मी एकदम अपडेट लावून टाकलं. सोमवारी सकाळी सूची बघायला वाचक रांगेत उभे आणि एकाही यंत्राला वायफाय नाही. जुनी कार्डपेटी मी महिन्याभरापूर्वीच माळ्यावर टाकली होती. शिपाईकाकांनी ती खाली उतरवली, धूळ झटकली, माझ्यासमोर ठेवली आणि एक शब्द बोलले नाहीत. ते न बोलणं मला अजून आठवतं. तेव्हापासून मी शुक्रवारी कुठल्याच यंत्राला हात लावत नाही.

१५. जुना कर्नल काढून टाकू नकोस — नवी सून गुणी निघेपर्यंत फोडणीच्या डब्याची किल्ली सासूकडेच असू द्यावी. सुरू होताना ग्रबच्या यादीत 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जा, मागचा कर्नल निवड. त्यावर वायफाय आलं तर दोष कार्डाचा नाही, नव्या कर्नलवरच्या ड्रायव्हरचा, हे पाच मिनिटांत सिद्ध होतं.

१६. ड्रायव्हर बांधला गेला, पण भरताना 'की' नाकारल्याची तक्रार आली, तर सिक्युअर बूट चालू आहे — 'मॉकयूटिल' या हुकुमापुढे दोन आडव्या रेघा आणि 'एसबी-स्टेट' लिहिलंस की खात्री होते. मग बसवताना विचारलेला पासवर्ड कागदावर लिही आणि पुन्हा सुरू करताना समोरून उठू नकोस; निळा पडदा येतो, तिथे दहा सेकंदांत कळ दाबून 'एनरोल मॉक' करावं लागतं. मी एकदा दूध उतू जाईल म्हणून उठले, परत आले तेव्हा यंत्र काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने सुरू झालेलं. पुन्हा सगळं पहिल्यापासून. दूध मात्र वाचलं.

१७. यूएसबी डोंगल लावल्यावर सीडी दिसली तर चकित होऊ नकोस — काही डोंगल आधी विंडोजच्या ड्रायव्हरची सीडी असल्याचं सोंग घेतात. ०बीडीए:१ए२बी असा क्रमांक दिसला की समज, स्वारी अजून सोंगातच आहे. ती सीडी 'इजेक्ट' कर, किंवा 'यूएसबी-मोडस्विच' हे पॅकेज बसवून ठेव.

१८. डोंगल पत्र्याच्या डब्यामागे, निळ्या यूएसबी तीनच्या शेजारी खोचू नकोस. हातभर लांबीची यूएसबी वायर घे आणि डोंगल टेबलावर आण — यूएसबी तीनच्या तारा नेमक्या २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट करतात, हे इंटेलनेच २०१२ साली एका टिपणात मांडलंय. त्या वायरीने माझ्याकडचे जितके 'ड्रायव्हरचे दोष' बरे झाले, तितके कुठल्या हुकुमाने झाले नसतील.

१९. मागे अँटेना लावल्या आहेत का बघ — हसू नकोस. मदरबोर्डातच वायफाय असलं की दोन अँटेना खोक्यात वेगळ्या पिशवीत येतात आणि ती पिशवी खोक्याबरोबर माळ्यावर जाते. नेटवर्क दिसतं, पण एकच दांडी, तीही खोलीत राउटर असताना, तर आधी माळा शोध.

२०. जोडलं जातं पण दर दहा मिनिटांनी तुटतं, असं असेल तर वीजबचत बंद करून बघ — नेटवर्क मॅनेजरच्या 'कॉन्फ.डी' फोल्डरात 'वायफाय.पॉवरसेव्ह' पुढे ३ असेल तिथे २ लिही. डेस्कटॉपला बॅटरी नाही, त्याने कार्डाला डुलक्या घ्यायला लावून काय वाचवायचंय?

२१. शेजारच्यांचं नेटवर्क दिसतं आणि आपलंच दिसत नाही, तर राउटर कुठल्या चॅनेलवर आहे ते बघ — कार्ड स्वतःला अमेरिकेत समजत असेल तर १२ आणि १३ हे चॅनेल ते ऐकतच नाही. आपल्याकडे ते चालतात. 'आयडब्ल्यू रेग गेट'ने देश विचारता येतो, 'आयडब्ल्यू रेग सेट आयएन'ने सांगता येतो. काही कार्डं देश आतच कोरून आलेली असतात, ती ऐकत नाहीत. मग राउटरला ६वर आण आणि विषय मिटव.

२२. त्याच यंत्रावर विंडोजही असेल तर तिथून निघताना शिफ्टची कळ दाबून 'शट डाउन' कर — 'फास्ट स्टार्टअप' असलं की विंडोज पुरतं झोपत नाही, आणि काही कार्डं अर्धवट झोपेतच लिनक्सच्या हाती येतात. तरीही रुसलं तर मागचं मुख्य बटण बंद करून अर्धा मिनिट थांब.

२३. वायफायला एकच कारभारी ठेव — दोन स्वयंपाकिणी असल्या की आमटीत मीठ दोनदा पडतं. डेबियनवर 'अनमॅनेज्ड' असं दिसलं, तर 'इटीसी' फोल्डरात नेटवर्कखाली 'इंटरफेसेस' नावाची फाइल बघ; तिथे कार्डाचं नाव आधीच लिहिलेलं असलं की नेटवर्क मॅनेजर शहाण्यासारखा बाजूला होतो, आणि आपल्याला वाटतं तो बिघडला.

२४. सापडलेल्या उपायाची तारीख वाच — दहा वर्षांपूर्वीचं औषध त्या वेळच्या दुखण्यावर होतं. आणि जे टाकलंस पण चाललं नाही, ते त्याच दिवशी काढ, विशेषतः 'मोडप्रोब.डी'मधल्या काळ्या यादीच्या ओळी. वर्षभराने नवं कार्ड घेशील आणि आपणच लिहिलेली जुनी ओळ त्याला दारातून हाकलत असेल.

२५. एका वेळी एकच बदल कर आणि वहीत लिही — तीन गोष्टी एकदम केल्यास आणि वायफाय आलं, तर कुणाला नारळ फोडायचा ते कळत नाही. वही म्हणजे कागदाची वही. मोबाईलमधली नोंद तू शोधणार नाहीस, मला माहीत आहे.

२६. दोन संध्याकाळी गेल्या आणि तरी सुटलं नाही, तर कार्ड बदल — जिद्द चांगली, पण तुझ्या दोन संध्याकाळींची किंमत कार्डापेक्षा जास्त आहे. डेस्कटॉपसाठी पीसीआय एक्सप्रेसच्या पट्टीवर बसवलेलं इंटेल एएक्स२१० घे. नाव मिळतंजुळतं म्हणून एएक्स२०१ किंवा २११ उचलू नकोस, ती इंटेलच्याच ठरावीक यंत्रांत चालतात, बाकी ठिकाणी नुसती शोभेला. विकत घेताना दुकानदाराला चिपचं नाव विचार. तो "सगळ्यात चालतं हो" म्हणाला, तर दुसऱ्या दुकानात जा.

२७. आणि जमत असेल तर तार टाक — डेस्कटॉप काय संध्याकाळी फिरायला जातो? इथरनेटची तार शंभर मीटरपर्यंत बिनतक्रार जाते आणि तुझं घर केवढं ते मी पाहिलंय. तुझी आई भिंतीवर तार दिसते म्हणून कुरकुरेल. दाराच्या चौकटीच्या कडेने पांढरी पट्टी मारून ने, महिन्याभरात तिला दिसेनाशी होईल.

आता तुझ्या त्या तीन ड्रायव्हरांचं काय करायचं, ते मला त्यांची नावं कळल्याशिवाय सांगता येणार नाही. आज रात्री एवढंच कर: पहिल्या कलमातला हुकूम दे, आलेल्या ओळी वहीत उतरव, आणि नऊनंतर फोन कर. त्याआधी मालिका असते. फोन उचलल्यावर मी पहिला प्रश्न क्रमांकाचाच विचारणार आहे, तेव्हा वही समोर ठेवूनच बस.